मोडलेली गावं

आमच्याकडं जमिनीचे दोन रंग. पिकते ती काळी आणि जिच्यावर गाव बसतं ती पांढरी. जुन्या कागदांत हे शब्द जोडीनंच भेटतात. पाटीलकीचा तंटा तोडायला गोत जमलं की ‘समस्त पांढरी’ हजर असल्याचं कागदावर लिहीत. तिथं पांढरी म्हणजे माती नव्हे, तिच्यावर नांदणारी माणसं. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ 1915 साली आलं, त्यातही गावाची ही वाटणी आहेच.

म्हणून काळ्या रानाच्या मधोमध पांढरी दिसली की समजावं, इथं कधीकाळी चुली पेटत होत्या. येरळा नदी महादेवाच्या डोंगरात उगवते, खटाव तालुक्यातून खाली उतरते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. तिच्या काठानं चालत गेलं की अशी टेकाडं दिसतात. कुठं पुरुषभर उंच, कुठं नुसता फुगवटा. वर बोरी-बाभळी, एखादा लिंब, लिंबाखाली शेंदूर फासलेला मारुती. आसपास घर नाही, उंबरा नाही. गाव नसलेला मारुती दिसला तर तो तिथं कुणी हौसेनं बसवलेला नसतो. त्याच्याभोवतीचं गाव गेलेलं असतं.

आमच्या शिवारातही असं एक टेकाड आहे. सातबाऱ्यावर त्याला गट नंबर आहे, लोकांच्या तोंडी ते ‘जुनं गाव’. कुणाचं जुनं गाव, असं विचारलं तर थोरली माणसं म्हणत, “आपलंच की. पर आपुन तिथलं न्हवं.” हे उत्तर लहानपणी मला कोड्यासारखं वाटायचं. ते किती अचूक आहे हे पुढं कागदपत्रं वाचताना कळलं. त्याकडं येतोच.

आधी ही माती पांढरी का, ते सांगतो. मातीचं घर एकदा बांधलं की पिढी-दोन पिढ्या उभं राहतं. मग पावसानं भिंत खचते, छप्पर बसतं. माणसं पडलेली भिंत तिथंच सपाट करतात आणि तिच्यावर नवी उभारतात. खालची जमीन दर खेपेला हात-दीड हात वर येते. त्यात चुलीची राख पडते, गोठ्यातलं शेण-मूत मुरतं, हाडं कुजतात, चुनखडीचे खडे झिजतात. शे-दोनशे वर्षं हे चाललं की जमिनीचा मूळ रंग लोपतो आणि राखाडी-पांढरी, भुसभुशीत, हाताला पिठासारखी लागणारी माती तयार होते. ती कुणी आणून टाकलेली नसते. माणसांच्या राहण्यानंच झालेली असते. महाराष्ट्रात जुन्या वस्त्या शोधत हिंडणारे पुरातत्त्ववाले खेड्यात गेले की आधी हेच विचारतात, तुमच्याकडं पांढरीचं टेकाड कुठं आहे?

महसुलाच्या भाषेत अशा गावाला एक शब्द आहे, बेचिराख. आपण तो जळून राख झालेलं अशा अर्थानं वापरतो, कारण ‘राख’ हा आवाज आपल्या कानाला ओळखीचा. पण मूळ शब्द फारसी. बे-चिराग, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. गाव जळायची गरज नसते, संध्याकाळी दिवा लावायला कुणी उरलं नाही की झालं. अशा गावाचं नाव मात्र दप्तरातून लगेच जात नाही. जमीन असते, तिची शीव असते, सारा असतो, म्हणून मौजेही असते. जनगणनेच्या यादीतसुद्धा वस्ती नसलेली गावं नावानिशी छापली जातात. माणसं सोडून गेली तरी सरकारनं गाव सोडलेलं नसतं.

सातारा भागातली गावं एकदा मोठ्या प्रमाणावर मोडली ती दुर्गादेवीच्या दुष्काळात. 1396 च्या सुमारास तो सुरू झाला आणि बारा वर्षं टिकला असं परंपरा सांगते. बारा वर्षं सलग पाऊस नव्हता की मधेमधे थोडाफार होता यावर वाद घालता येईल, पण मुलूख ओस पडला हे खरं. डोंगरी किल्ले स्थानिक पुंडांच्या हातात गेले आणि वाटा चोरांच्या. बहामनी सत्तेला इकडं नीट बघायला पुढची वीस-पंचवीस वर्षं सवड झाली नाही. 1429 मध्ये मलिक-उत्-तुज्जार या सरदाराला देशमुखांसह या मुलखात पाठवलं. त्यानं आधी खटाव देशातल्या रामोश्यांवर आणि महादेवाच्या डोंगरातल्या लुटारूंवर हत्यार धरलं, मग फौज वाईकडं वळली. बंदोबस्त झाल्यावर गावं पुन्हा बसवायचं काम दोघांवर सोपवलं. एक दादू नरसू काळे नावाचा जाणता ब्राह्मण आणि दुसरा दरबारातला एक तुर्की खोजा.

ही हकिकत ग्रँट डफनं लिहून ठेवली आहे. हा साहेब 1818 पासून चार वर्षं साताऱ्यात रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली छापून निघाला. साहेबाच्या मतांशी भांडण करायला पुष्कळ जागा आहे, राजवाड्यांनी ते केलंही, पण या एका परिच्छेदासाठी मी त्याचा ऋणी आहे. दादू नरसूपुढची अडचण अशी की जुन्या शिवा कुणाला सांगता येईनात. सांगणारी माणसंच मेली किंवा परागंदा झाली होती. मग त्यानं शिवा वाढवल्या आणि दोन-दोन, तीन-तीन गावं मिळून एक गाव केलं. जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यामागं एक तोबराभर धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. सरकारची मागणी घोड्याच्या एका खुराकाएवढी खाली आली होती, यावरून मुलखाची दशा ओळखावी.

दोन-तीन गावांचं एक गाव, हे वाचलं आणि थोरल्यांचं कोडं सुटलं. शिवार आपलं, म्हणून जुनं गावही आपलं. पण तिथं राहिलेली माणसं आपले पूर्वज नव्हेत. आपण नंतर कौल घेऊन आलेले. आमच्या भागात एकेका गावाच्या शिवारात दोन-दोन पांढऱ्या का, राहत्या गावापासून मैलभर दूर एकटा मारुती का, ग्रामदैवताची पालखी वर्षातून एकदा ओसाड टेकाडाला वळसा घालून का येते, यांची उत्तरं बऱ्याच ठिकाणी या जोडणीत सापडतील असं मला वाटतं. दुर्गादेवीनंतर मोडणं आणि जोडणं थांबलं असंही नाही. 1630 चा दुष्काळ आला, मोगलांच्या स्वाऱ्या आल्या, पेंढारी आले. दर खेपेला काही गावांचे दिवे गेले.

कौलाची रीत पुढं शिवकाळात आणि पेशवाईतही चालू राहिली. ओस गावावर कुळं आणायची तर सारा एकदम लावून चालत नाही. म्हणून इस्तावा ठरवायचे, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र, पुढं वर्षावर्षानं चढवत शेवटी पूर्ण धारा. बैल नाहीत त्याला बैल, बी नाही त्याला बी. गेलेल्या घराण्याच्या जमिनीला गतकूळ म्हणत. कूळ गेलं तरी रानाचं नाव जात नसे. थळझाड्याच्या कागदांत ज्या आडनावांची थळं असतात, त्यांतल्या कैक आडनावांचा माणूस गावात शोधून सापडत नाही. नांगर धरणारा वेगळा, रान मात्र गेलेल्याच्या नावानं ओळखायचं. आजही आमच्याकडं एका पट्टीला ज्या घराण्याचं नाव आहे त्या घराण्याची एकही चूल गावात नाही, आणि याचं कुणाला नवल वाटत नाही.

शिवेचं ज्ञान मात्र बऱ्याचदा महारांकडं टिकून असे. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष मोठी मानत. त्यानं पुढं चालायचं आणि त्याच्या पावलांवरून हद्द ठरायची. ज्याला गावकुसाच्या आत घर बांधू दिलं नाही, त्याच्याच ध्यानात गावाची कड राहिली. आपण जुनं गाव म्हणून जे टेकाड दाखवतो ते कुसाच्या आतल्या घरांचं. बाहेरच्या झोपड्यांची माती इतकी साचत नाही. त्यामुळं मोडलेल्या गावाचा शोध घेताना अर्धं गाव आपण आपोआप विसरतो, ही गोष्ट खणणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनीही ध्यानात ठेवायला हवी.

गाव केवळ उपासमारीनं मोडत नव्हतं. वाई तालुक्यात भुईंजजवळ किकली नावाचं गाव आहे, चंदन-वंदन किल्ल्यांच्या परिसरातलं. तिथल्या भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ इतके आहेत की त्याला वीरगळांचं गावच म्हणतात. वीरगळ म्हणजे लढून मेलेल्याचा दगड. सगळ्यात खाली तो आडवा पडलेला, त्याच्या वर लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला. अनेक वीरगळांवर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात. गाई दिसल्या की समजायचं, हा गोधन राखताना मेला. ही राजाची लढाई नव्हे. शेजारच्या कुणीतरी जनावरं वळवून न्यायला धाड घातली, गावच्या पोरांनी ती अडवली आणि कोणी पडलं. जनावरं गेली की नांगर थांबतो, नांगर थांबला की गाव मोडतं, म्हणून गाईसाठी मरणाऱ्याचा दगड उभा राहिला. बहुतेक दगडांवर नाव नाही. करवून घेणाऱ्यांना त्याची गरज वाटली नसावी, सगळ्यांना ठाऊकच होतं.

ओसाड पांढरीवरही वीरगळ सापडतात, पण ते तिथं फार दिवस राहत नाहीत. कुणी उचलून ओढ्यावर धुणं धुवायला टाकतं, कुणी उंबऱ्याला लावतं. पालथा पडलेला वीरगळ आणि साधी फरशी यांत फरक कळत नाही.

अशा टेकाडाच्या पोटात काय असतं ते पहायचं तर सांगलीहून जवळ, कोल्हापूरला जावं. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. वर बहामनी काळाची वस्ती निघाली आणि खाली सातवाहनांची. दोन गावांच्या मधे शेकडो वर्षांचं अंतर, आणि दोन्ही एकाच टेकाडात. बहामनी थरातल्या रंगीत काचेच्या बांगड्यांवर दीक्षितांनी पुढं पुष्कळ काम केलं. पोटाला अन्न नसलेल्या काळातही बायका हातात काच भरत होत्या, हे त्या तुकड्यांनी सांगितलं. पावसाळ्याच्या सुरवातीला आमच्या जुन्या गावावर हिंडलं की असेच तुकडे दिसतात. पिवळे, हिरवे, काळ्यावर पांढरी नक्षी असलेले. शिवाय खापरं, जात्याची फुटकी तळी, झिजलेला वरवंटा, क्वचित एखादी तांब्याची शिवराई. पाऊस वरची धूळ धुऊन नेतो आणि हे वर येतं. नाणं सापडलं तर मात्र कुणी बोलत नाही. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं, असा 1878 चा कायदा आहे. त्या कायद्यानं किती ठेवा सरकारात जमा झाला देव जाणे, सापडलेलं लपवायची सवय मात्र लागली.

मोडलेल्या गावांचा अभ्यास आपल्याकडंच होतो असं नाही. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचं एक गाव आहे, आता तिथं फक्त पडक्या चर्चच्या भिंती आणि गवत. मॉरिस बेरेसफर्ड हा आर्थिक इतिहासाचा अभ्यासक आणि जॉन हर्स्ट हा पुरातत्त्वज्ञ, दोघांनी 1950 पासून चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात तिथं खणलं. आधी सगळ्यांना वाटे की 1348-49 च्या महामारीनं अशी गावं मारली. खणल्यावर आणि कागद तपासल्यावर कळलं की महामारीनंतरही व्हॅरममध्ये माणसं राहत होती. गाव आटत गेलं, आणि शेवटची घरं 1500 च्या आसपास उठवली गेली ती मेंढ्यांसाठी. लोकरीला भाव होता, नांगरटीपेक्षा कुरण परवडत होतं. रोगानं अर्धमेलं झालेलं गाव जमीनदाराच्या हिशोबानं संपवलं. चाळीस वर्षं एका खेड्याच्या मातीत घालवणं आपल्याला चैन वाटेल, पण त्याशिवाय हे उत्तर मिळालं नसतं. सुरवातीच्या खणतीवर थांबले असते तर महामारीचीच गोष्ट पुस्तकात राहिली असती.

आपल्याला मात्र घाई करावी लागणार आहे, कारण आपली पांढर खणली जात आहेच, फक्त खणणारे वेगळे.

खटाव-माण, आटपाडी, जत हा माळवदी घरांचा मुलूख. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पावसात फुगून घट्ट बसते, पाणी खाली सोडत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी पांढरी पडायची. माझे चुलते गाडी जुंपून जुन्या गावाकडं निघायचे. म्हणायचे, “रानातली माती घालून बघ, पयल्या पावसात गळंल. त्या पांढरीत मानसाचा घाम हाय, ती धरून ठिवती.” घामाचं मला माहीत नाही, पण राख आणि चुना होता हे नक्की. मेलेल्या गावाची माती जित्या गावाच्या डोक्यावर चढायची, आणि माळवदं पडली की त्याच मातीनं नव्या गावाची पांढर वाढायची. या व्यवहाराला मी नासधूस म्हणणार नाही. बैलगाडीनं वर्षाला जेवढं जायचं तेवढ्यानं टेकाड झिजत होतं, संपत नव्हतं.

पांढरीचा दुसरा उपयोग खताचा. राख, शेण, हाडं यांनी मुरलेली माती हलक्या रानाला सोनंच. ती बैलगाडीनं नेत तोवर ठीक होतं. आता जेसीबी येतो. दोन दिवसांत चारशे वर्षं ट्रॉलीत भरून जातात आणि ज्वारीत, डाळिंबात नाहीतर उसात पसरली जातात. ज्याच्या गटात टेकाड असतं तो ते सपाट करतो, कारण पाणी आलं आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून अशा माळावर आणलं जिथं कुसळं उगवत नव्हती. त्या शेतकऱ्याला इतिहासासाठी गुंठाभर रान पडीक ठेव म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू? संरक्षित स्मारकांच्या यादीत किल्ले असतात, देवळं असतात, लेणी असतात. गावोगावच्या निनावी पांढऱ्या त्या यादीत शोधायला जाऊ नये. सपाट करण्याआधी निदान एकदा कुणी मोजमाप घ्यावं, उभ्या कापाचे फोटो काढावेत, खापरं पिशवीत भरून त्यावर गट नंबर लिहावा. याला खर्च येत नाही. गावच्या शाळेतली पोरंसुद्धा हे करू शकतील.

गाव आटणं आमच्या डोळ्यांदेखतही झालेलं आहे. 1896 ला मुंबईत प्लेग आला, तो पुढं साताऱ्याकडं पसरला तेव्हा गावंच्या गावं रानात खोपटं टाकून राहिली. काही घरं परत आलीच नाहीत, मळ्यातच विहिरीपाशी स्थिरावली. पुढं मोटेच्या जागी इंजिन आलं, इंजिनाच्या जागी वीज, तसतशी वस्ती गावठाणातून मळ्यात सरकत गेली. वाड्या वाढल्या, मूळ गाव रोडावलं. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपानं पाटण भागात घरं पडली, तिथली माणसं पत्र्याच्या शेडांत गेली. उलटंही घडतं. कुंडलच्या डोंगरात जुनी जैन लेणी, गावाला कितीतरी शतकांचा वारसा. त्याच कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या आश्रयानं कारखाना घातला आणि किर्लोस्करवाडी हे गाव उभं राहिलं. त्याला पांढर नव्हती, कौल मात्र होता.

विटा-खानापूर-आटपाडीकडची गोष्ट आणखी निराळी. दुष्काळानं हटलेली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. तिकडच्या एखाद्या खेड्यात दुपारी गेलं तर चांगली दुमजली घरं, संगमरवरी पायऱ्या आणि दारांना कुलपं. यात्रेला तीन दिवस मोटारी लागतात, चौथ्या दिवशी कुलपं पुन्हा बसतात. जनगणनेत गाव आहे, ग्रामपंचायत आहे, रस्त्यावर वीजही आहे, त्यामुळं त्याला बेचिराख म्हणता येत नाही. ‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणतात, तसा मागं राहिलेला एखादा सरपंच होतो. ही घरं मात्र सिमेंटची. ती पडतील तेव्हा त्यांची पांढर होणार नाही, नुसता राडारोडा होईल.

आमच्या जुन्या गावाचं टेकाड तीन खातेदारांत वाटलेलं आहे. तिघांनीही आपापल्या बाजूनं माती उचलली. आता मधे दोन खणांएवढी जागा राहिली आहे, चारी बाजूंनी उभी कापलेली, वर मारुती आणि लिंब. कापात बघितलं की राखेचे पट्टे एकावर एक दिसतात, एका ठिकाणी चुलीचे तीन दगड अजून जागेवर आहेत, त्याखाली हातभर माती आणि त्याखाली आणखी एक चूल. मारुतीला शनिवारी तेल घालायला जायचं तर पूर्वी चालत चढता यायचं. आता तिघांनी वर्गणी काढून लोखंडी शिडी लावली आहे.